पाचशे रुपयांची पावती

नौपाडा, ठाणे

प्रिय मुली,

अनेक आशीर्वाद.

रविवारी तू आलीस, पोहे खाल्लेस, विद्यापीठासाठी देणग्या गोळा करायच्या तुझ्या कामाच्या गोष्टी सांगितल्यास आणि खरा प्रश्न मात्र दारात चपला घालता घालता विचारलास. "काकू, महिन्याला पाचशे रुपये देणाऱ्या माणसामागे मी किती वेळ घालवायचा?" मला तेव्हा धड उत्तर देता आलं नाही. तू जिना उतरून गेलीस आणि रात्री उशिरापर्यंत तोच प्रश्न मनात घोळत राहिला. म्हणून हे लिहिते आहे. नेरूळच्या गाडीत बसायला मिळालं तर वाच.

तुमच्या विद्यापीठाच्या फाउंडेशनने तुला सांगितलंय की मोठ्या पाच-सहा देणगीदारांवर लक्ष दे, बाकीच्यांना एकगठ्ठा मेसेज पाठव. सांगणाऱ्याचं अगदीच चुकतंय असं मी म्हणणार नाही. नंदन नीलेकणींनी २०२३ मध्ये पवईच्या आयआयटीला ३१५ कोटी रुपये दिले, तिथे प्रवेश घेतल्याला पन्नास वर्षं झाली म्हणून. त्याआधीही त्यांनी ८५ कोटी दिले होते. अशा एका देणगीने जे उभं राहतं ते हजार लोकांच्या वर्गणीतून उभं राहायला पिढी जाते. पण मोठा देणगीदार तुला शिकवणार नाही. त्याच्याकडे त्याचा सीए असतो, वकील असतो, करारपत्र असतं. चूक झाली तर तो स्वतःच फोन करून जाब विचारतो. लहान देणगीदार विचारत नाही. त्याच्या पैशाची काळजी घेणारं आपल्याशिवाय कुणी नसतं, आणि हे काम तुला येतं की नाही ते तिथेच कळतं.

मी एका शिक्षणसंस्थेच्या हिशेब खात्यात एकतीस वर्षं काढली, हे तुला ठाऊक आहे. तिथलीच एक गोष्ट तुला कधी सांगितली नव्हती.

१९९५ साली चरईतल्या एक निवृत्त शिक्षिका पंचवीस हजार रुपये घेऊन आल्या. त्यांची धाकटी बहीण सातवीनंतर घरी बसली होती, धाकट्या भावंडांना सांभाळायला. ती लवकर गेली. तिच्या नावाने, ज्या घरातून आजवर कुणीच कॉलेजात गेलं नाही अशा घरातल्या एका मुलीची वर्षाची फी भरायची, एवढीच बाईंची इच्छा. रक्कम कायम निधीत गेली, म्हणजे मुद्दलाला हात लावायचा नाही, फक्त व्याज खर्चायचं. तेव्हा मुदत ठेवीवर बारा टक्के व्याज मिळत होतं, म्हणजे वर्षाला तीन हजार. कला शाखेच्या मुलीची फी त्यात भागून वह्यांनाही पैसे उरायचे.

२००९ च्या जूनमध्ये बाई काठी टेकत दोन जिने चढून आल्या. मला म्हणाल्या, "यंदा कोणाला मिळालं?" मी खातेवही काढली. व्याज दरवर्षी जमा होत होतं, एक रुपयाही इकडचा तिकडे झाला नव्हता. पण मधल्या काळात कुणीतरी सोयीसाठी सगळ्या छोट्या निधींचं व्याज एकाच पारितोषिक खात्यात वळवलं होतं, आणि सहा वर्षं त्या निधीपुढे एकाही मुलीचं नाव नव्हतं. ऑडिट दरवर्षी स्वच्छ झालेलं. त्या खात्यावर माझ्या सह्या होत्या.

बाई रागावल्या नाहीत. त्या म्हणाल्या, "म्हणजे सहा वर्षं तिचं नाव कोणी घेतलंच नाही." मग मी आणलेला चहा त्यांनी पूर्ण प्यायला, कप नीट बशीत ठेवला आणि गेल्या.

पुढचे तीन शनिवार मी जुने जर्नल उलगडत बसले. संस्थेने सहापैकी तीनच वर्षांचं व्याज परत त्या निधीत वळवलं, त्यापुढे माझं काही चाललं नाही. त्या वर्षी मुंब्र्याची एक मुलगी सापडली. तिला मी सांगितलं, बाईंना एक पत्र लिही. तिने पोस्टकार्डावर चार ओळी लिहिल्या. त्यानंतर बाई होत्या तोवर दर जूनला यायच्या, मुलीला भेटायच्या, काय शिकतेस ते विचारायच्या. आणखी पैसे त्यांनी दिले नाहीत आणि मी मागितलेही नाहीत.

आता यातला व्यवहार बघ, कारण नुसतं हळहळून उपयोग नाही. ते पंचवीस हजार आज साडेसहा टक्क्यांनी ठेवले तर वर्षाला सोळाशे पंचवीस रुपये येतात. रक्कम जशीच्या तशी, व्याज जवळजवळ निम्मं, आणि फी मात्र कितीतरी पटींनी वर. कायम निधी घेताना देणगीदाराला हे गणित कागदावर मांडून दाखव. व्याजातला थोडा भाग दरवर्षी मुद्दलात मिळवायची मुभा सुरुवातीलाच लिहून घे. ट्रस्टने उत्पन्नाचे पंच्याऐंशी टक्के त्याच्या कामावर खर्चायचे असतात, उरलेल्या पंधरा टक्क्यांत अशी शिल्लक टाकायला जागा असते. आणि इच्छा लिहून घेताना "गरजू विद्यार्थ्यांसाठी" असं मोघम लिहू नकोस. बाईंनी सांगितलं होतं तसं लिही: कोणत्या घरातली, कोणती मुलगी, किती वर्षं. शिवाय तशी मुलगी एखाद्या वर्षी मिळाली नाही तर काय करायचं, तेही विचार. कुणाकडून कशासाठी पैसे आले ते ज्या वहीत लिहिलंय, तीच वही नव्या माणसाच्या हातात पहिल्या दिवशी द्यायला हवी. आमच्याकडे ती कपाटात होती.

करसवलतीबद्दल तू म्हणालीस की लोक पहिल्यांदा तेच विचारतात. विचारू देत. मात्र अर्धवट सांगू नकोस. लोक ज्याला ऐंशी-जी म्हणतात त्या आयकर सवलतीत साधारणपणे देणगीच्या निम्म्या रकमेची वजावट उत्पन्नातून मिळते, तीही उत्पन्नाच्या ठरावीक मर्यादेत. दोन हजारांच्या वर रोख दिले तर ती वजावट नाही. पुस्तकं, संगणक अशी वस्तुरूप देणगी दिली तरी नाही. आणि ज्याने नवी कररचना घेतली आहे त्याला ही सवलत मुळीच नाही. हे शेवटचं सांगायला पुष्कळ जण कचरतात, देणगी जाईल म्हणून. खोट्या आशेवर घेतलेली देणगी पुढच्या वर्षी येत नाही, हे मी अनेकदा पाहिलंय. पॅन मात्र पावती फाडतानाच घे. वर्षअखेरीला देणगीदारांचं विवरण भरताना त्याचा पॅन चुकला तर त्याला सवलत मिळत नाही, आणि बिचाऱ्याला ते रिटर्न भरताना कळतं.

परदेशातल्या माजी विद्यार्थ्यांच्या बाबतीत जास्त जपून राहा. भारतीय पासपोर्ट असलेला अनिवासी माणूस स्वतःच्या कमाईतून बँकेमार्फत देतो, ती परदेशी देणगी धरली जात नाही. पण त्याच्याच वर्गातल्या, तिकडचं नागरिकत्व घेतलेल्या मित्राने दिलेले पैसे परदेशी देणगी ठरतात, मग भारतीय वंशाच्या परदेशी नागरिकांना मिळणारं ओसीआय कार्ड असो वा नसो. त्यासाठी परदेशी देणग्यांच्या कायद्याखाली संस्थेची नोंदणी (एफसीआरए) लागते आणि पैसे स्टेट बँकेच्या दिल्लीतल्या मुख्य शाखेतल्या खात्यातच यावे लागतात. भावनेच्या भरात कुणी डॉलर पाठवायला निघाला की आधी पासपोर्ट विचार. अवघडू नकोस.

तू ज्या गावात राहतेस त्या गावाला वर्गणीची सवय जुनी आहे. आपलं मराठी ग्रंथसंग्रहालय १८९३ सालचं. वाशीला रयत शिक्षण संस्थेचं कर्मवीर भाऊराव पाटील कॉलेज तू पाहिलंच असशील. ज्यांच्या नावाने ते आहे त्यांनी मुष्टीफंड काढला होता. घरात दळणाआधी एक मूठ धान्य बाजूला काढायचं आणि ते बोर्डिंगातल्या मुलांसाठी द्यायचं. मूठभर ज्वारीची पावती कोण मागणार? तरी ज्या घराने ती मूठ काढली त्या घराला वाटायचं, ही मुलं आपली आहेत. अण्णासाहेब कर्व्यांनी १९१६ साली महिला विद्यापीठ काढलं तेही छोट्या-मोठ्या वर्गण्यांच्या भरवशावर. विठ्ठलदास ठाकरसींनी आईच्या स्मरणार्थ पंधरा लाख दिले ते १९२० मध्ये. मधल्या चार वर्षांत ते विद्यापीठ ज्यांनी तगवलं त्यांची नावं इमारतीवर नाहीत. मला ती चार वर्षं फार मोठी वाटतात.

आणि एक बाई तुला माहीत असायला हव्यात. अमेरिकेत मिसिसिपी राज्यात हॅटिसबर्ग नावाचं गाव आहे. तिथल्या ओसिओला मॅकार्टी. सहावीत शाळा सुटली आणि मग जन्मभर लोकांचे कपडे धुतले, इस्त्री केली. १९९५ साली, वयाच्या ८७ व्या वर्षी, त्यांच्या बचतीचं काय करायचं हे ठरवायला बँकेतल्या माणसाने त्यांच्यापुढे दहा नाणी मांडली. एक त्यांनी चर्चसाठी ठेवलं, तीन नातेवाइकांसाठी, आणि उरलेली सहा गावातल्या विद्यापीठासाठी. त्या सहा नाण्यांचे झाले दीड लाख डॉलर, गरीब मुलांच्या शिष्यवृत्तीसाठी. बातमी पसरली तशी इतर लोकांनीही त्या निधीत भर घातली. कुठल्याही फाउंडेशनच्या मोठ्या देणगीदारांच्या यादीत धुणं धुणाऱ्या बाईचं नाव असेल का, याचा विचार कर. तुमच्या यादीत कोण आहे आणि कोण नाही, ते एकदा या नजरेने बघ.

मोठ्यांबद्दल एकच सांगते. कबूल केलेली रक्कम आणि जमा झालेली रक्कम वेगवेगळ्या रकान्यांत ठेव. प्रेमचंद रायचंदांनी मुंबई विद्यापीठाला ग्रंथालयासाठी दोन लाख आणि आईच्या नावाच्या मनोऱ्यासाठी दोन लाख दिले ते १८६४ साली. पुढच्याच वर्षी शेअरबाजार कोसळला आणि त्यांची अफाट संपत्ती बुडाली. राजाबाई टॉवर १८७८ मध्ये पूर्ण झाला. दात्याची चांगली वेळ कधी फिरेल ते त्यालाही ठाऊक नसतं, म्हणून शब्द मिळाला त्याच आठवड्यात कागद तयार ठेवावा.

तू ज्यांच्याबद्दल विचारत होतीस ते कोपरीचे गृहस्थ, ज्यांचा मुलगा तुमच्याकडे फीमाफीवर शिकला. दर महिन्याच्या पाच तारखेला पाचशे येतात आणि सहा तारखेला त्यांचा फोन येतो, पैसे पोचले का म्हणून. तुला त्याचा त्रास होतो, असं तू म्हणालीस. अगं, ते पैसे पोचल्याचं विचारतच नाहीत. बँकेचा मेसेज त्यांनाही येतो. पैसे कुठे गेले ते त्यांना ऐकायचं आहे, आणि ते सांगणारं कुणी भेटत नाही म्हणून ते दुसरंच विचारतात.

उद्या ऑफिसात गेलीस की त्यांचा पैसा कोणत्या निधीत जातो ते वहीत शोध. त्या निधीतून यंदा कुणाची फी भरली गेली ते काढ. त्या मुलीची किंवा मुलाची परवानगी घे, मग फोन कर आणि नाव सांग. पावती त्यांना पोस्टाने हवी असेल तर पोस्टाने पाठव, ईमेलचा आग्रह धरू नकोस.

पुढच्या रविवारी येशील तेव्हा तुमच्या छोट्या निधींची यादी घेऊन ये. आपण दोघी मिळून बघू, कोणत्या नावापुढचा रकाना किती वर्षं कोरा आहे ते.

आईला नमस्कार सांग.

तुझी,
काकू