आधी तिला खरं सांगा, कॉलेजचं नंतर पाहू

प्रश्न: आम्ही बीड जिल्ह्यातल्या एका गावात राहतो. माझी बहीण आणि मेव्हणे दोघंही एड्सनं गेले. भाची तीन वर्षांची असल्यापासून माझ्याकडे आहे. तिलाही एचआयव्ही आहे. अंबाजोगाईच्या एआरटी सेंटरवरून (एचआयव्हीचे उपचार देणाऱ्या सरकारी केंद्रावरून) गोळ्या आणतो. तिला ‘रक्त कमी आहे’ एवढंच सांगितलंय, बाटलीवरचा कागदही मी काढून टाकतो. बारावी सायन्सला ७२ टक्के पडले. लातूरला राहून नर्सिंग करायचं म्हणते. होस्टेलवर गोळ्या दिसल्या तर बोभाटा होईल, आणि नर्सिंगला अशा मुलींना घेतही नाहीत म्हणे. त्यापेक्षा घरी राहून बाहेरून बी.ए. करू दे का? तिला फार ताण देऊन तरी काय उपयोग? – एक मामा

उत्तर: मामा, तुमचं शेवटचं वाक्य मी आधी घेते. ते तुम्ही मायेनंच लिहिलंय. पण त्याचा अर्थ असा होतो, की ही पोर फार जगायची नाही असं तुम्ही मनाशी धरून चालला आहात. बहिणीचं दुखणं तुम्ही डोळ्यांनी पाहिलंत, ती भीती अजून गेलेली नाही. मात्र आज वेळेवर उपचार सुरू झालेला आणि गोळी न चुकवणारा माणूस जवळपास इतरांइतकाच जगतो. सरकारी दवाखान्यात ही औषधं २००४ पासून मोफत मिळतात. तुमच्या भाचीला नोकरीची तीस-पस्तीस वर्षं काढायची आहेत, लग्न करायचं की नाही हे ठरवायचं आहे, हवं तर मूलही होऊ द्यायचं आहे. आईनं नीट उपचार घेतले तर बाळाला लागण होण्याचा धोका अगदी थोडा उरतो. तेव्हा निर्णय साठीपर्यंतचा विचार करून घ्या.

आता मला खरोखर खटकलेली गोष्ट. बारावीपर्यंत जीवशास्त्र शिकलेल्या मुलीला तुम्ही अजून ‘रक्त कमी आहे’ सांगताय? रक्त कमी असलेल्या कुणाला वर्षानुवर्षं अंबाजोगाईच्या फेऱ्या माराव्या लागत नाहीत, हे तिला कळत नसेल? मला वाटतं तिला बरंच ठाऊक असावं, आणि तुम्हाला वाईट वाटेल म्हणून ती गप्प असावी. शाळकरी वयातच मुलांना पेलेल तसं, टप्प्याटप्प्यानं सांगावं, असं जागतिक आरोग्य संघटनेनं २०११ सालीच सुचवलंय. तुम्हाला उशीर झालाय. गोळी कशासाठी घेतोय हेच माहीत नसलेली मुलगी घराबाहेर पडली की गोळ्या चुकवायला लागते. चुकवल्या की विषाणू त्या औषधाला दाद देईनासा होतो.

व्हायरल लोडचा, म्हणजे रक्तात विषाणू किती आहे याचा, रिपोर्ट चांगला आला म्हणजे आयुष्य चांगलं चाललंय असं नाही. रात्री झोप लागते का, मनातलं बोलायला एखादी मैत्रीण आहे का, गोळी घेताना दार लावून घ्यावं लागतं का, हेही उपचाराइतकंच महत्त्वाचं आहे. आजार ताब्यात आहे आणि मुलगी मात्र दबून जगतेय, हे मला तुमच्या पत्रात दिसतं.

सेंटरवर समुपदेशक असतात. आधी तुम्ही एकटे जाऊन त्यांच्याशी बोला, मग तिला घेऊन जा. तिच्या आईवडिलांबद्दल बोलताना कुणालाही दोष देऊ नका. ती रडेल, चिडेल, कदाचित आठवडाभर तुमच्याशी बोलणार नाही. तिचा राग सोसा.

‘नर्सिंगला घेत नाहीत’ हा समज मात्र डोक्यातून काढून टाका. २०१७ चा एचआयव्ही-एड्स कायदा १० सप्टेंबर २०१८ पासून देशभर लागू आहे. शिक्षणाला किंवा नोकरीला घेण्याआधी एचआयव्हीच्या चाचणीची अट घालता येत नाही, आणि एचआयव्ही आहे म्हणून भेदभाव करता येत नाही. त्याच्याही कितीतरी आधी, १९९७ साली, मुंबई उच्च न्यायालयानं सांगितलं होतं की काम करायला सक्षम असलेल्या माणसाला केवळ एचआयव्हीमुळे नोकरी नाकारता येणार नाही. पेशंटला धोका म्हणाल, तर हातमोजे आणि सुयांची काळजी प्रत्येक नर्सनं प्रत्येक पेशंटसाठी घ्यायचीच असते. एखाद्या कॉलेजातल्या क्लार्कला कायदा माहीत नसेल, उर्मटपणे बोलेलही. तसं झालं तर जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडे जा, तिथं मुलींना वकील मोफत मिळतो. एचआयव्ही असलेल्यांना टीबी लवकर लागू शकतो, म्हणून टीबी वॉर्डातल्या ड्युटीबद्दल तेवढं तिनं एआरटीच्या डॉक्टरांना विचारून ठेवावं.

होस्टेलचं म्हणाल तर लातूरलाही एआरटी सेंटर आहे, उपचार तिकडे वर्ग करून घेता येतात. एका ताटात जेवल्यानं, एक बाथरूम वापरल्यानं कुणाला लागण होत नाही. मैत्रिणींना सांगायचं की नाही, हे तीच ठरवेल.

बी.एस्सी. नर्सिंगसाठी राज्याच्या सीईटी सेलची वेगळी प्रवेश परीक्षा असते, तिच्या तारखांवर लक्ष ठेवा. जीएनएमचाही, म्हणजे नर्सिंगच्या डिप्लोमाचाही, मार्ग आहे. बाहेरून बी.ए. वाईट नाही, पण ते तिनं मागितलेलं नाही.

सेंटरवर बोलणं झालं की पुढचं पत्र तिला लिहू द्या. कॉलेजांची यादी मी तिलाच पाठवीन.