पहिल्या सीटीएफला बसण्यापूर्वी

प्रिय विद्यार्थिनीस,
अनेक उत्तम आशीर्वाद.

वर्गातील तिघांना सोबत घेऊन तू ‘कॅप्चर द फ्लॅग’ (सीटीएफ) स्पर्धेत, म्हणजे मुद्दाम ठेवलेल्या त्रुटी शोधून ‘फ्लॅग’ नावाचा लपवलेला मजकूर मिळवण्याच्या संगणक-सुरक्षेच्या स्पर्धेत, उतरणार आहेस, हे वाचून फार आनंद झाला. कोणती साधने शिकून घ्यावीत, असे तू विचारले आहेस. कमांड लाइनची, म्हणजे आज्ञा टाइप करून संगणक चालवण्याची, भीती जाण्यासाठी ‘ओव्हरदवायर’ या संकेतस्थळावरचा ‘बँडिट’ हा सरावखेळ सोडव आणि कार्नेगी मेलन विद्यापीठाने २०१३ मध्ये सुरू केलेल्या ‘पिकोसीटीएफ’चे जुने प्रश्न रोज थोडे थोडे घे, दोन्ही विनामूल्य आहेत. मला मात्र अधिक काळजी आहे ती फ्लॅग हाती लागल्यानंतर तू काय करशील, याची.

एक नेहमी येणारा प्रश्न घे. आरएसए या कूटलेखन पद्धतीने कूटबद्ध केलेला संदेश दिलेला असतो. या पद्धतीत संदेशाची संख्या ‘सार्वजनिक घातांका’च्या घातावर नेतात आणि ‘मॉड्युलस’ या मोठ्या संख्येने भागून उरलेली बाकी पाठवतात. इथे तो घातांक ३ असतो. संदेशाची संख्या इतकी लहान असते की तिचा घन मॉड्युलसपेक्षा कमीच भरतो. त्यामुळे भागून बाकी काढण्याच्या पायरीने काहीच बदलत नाही आणि साधे घनमूळ काढले की मूळ मजकूर समोर येतो. तयार स्क्रिप्ट, म्हणजे दुसऱ्याने लिहिलेला छोटा प्रोग्रॅम, चालवणाऱ्यालाही तेवढेच गुण मिळतात. पण हे का घडले, असे जी स्वतःला विचारते, तिला कळते की संदेशाला यादृच्छिक पॅडिंग, म्हणजे त्याची लांबी वाढवणारी भर, न जोडणे हा खरा दोष होता. पुढच्या स्पर्धेत तोच संदेश तीन वेगवेगळ्या मॉड्युलसने पाठवलेला दिसला, तर चिनी शेषप्रमेय (वेगवेगळ्या भाजकांनी उरलेल्या बाक्यांवरून मूळ संख्या शोधण्याचा नियम) वापरून तो घन परत मिळवता येईल, हे तिला आपोआप सुचते; स्क्रिप्टवाला तिथेच अडतो.

म्हणून प्रत्येक प्रश्नाचा राइट-अप, म्हणजे तो कसा सोडवला याचे टिपण, स्वतःच्या शब्दांत लिही, त्यात फसलेले प्रयत्नही येऊ देत, आणि शेवटी ही त्रुटी मूळ प्रणालीत कशी बुजवता आली असती, याचा एक परिच्छेद अवश्य जोड. जे प्रश्न सुटले नाहीत, त्यांचे इतरांनी लिहिलेले राइट-अप सीटीएफटाइम या संकेतस्थळावर शोधून वाच. वाचून झाल्यावर ते मिटून ठेव आणि प्रश्न पुन्हा स्वतः सोडव. माझ्या मते खरे शिक्षण या कंटाळवाण्या वाटणाऱ्या तासांतच होते, आणि नेमके तेच बहुतेक संघ टाळतात.

बचावाच्या परिच्छेदाचा मी आग्रह धरतो, कारण नोकरीत बहुतेकांच्या वाट्याला बचावच येतो. अमेरिकेत २००५ पासून भरणाऱ्या महाविद्यालयीन सायबर संरक्षण स्पर्धेत विद्यार्थ्यांना चालू नेटवर्क सांभाळावे लागते. एकीकडे हल्लेखोरांचा संघ आत शिरू पाहत असतो आणि दुसरीकडे व्यवस्थापनाकडून कार्यालयीन कामे येतच राहतात. दमलेल्या माणसाला कोणते काम आधी करायचे, हे तिथे ठरवावे लागते. तुमच्या प्रयोगशाळेत जुने संगणक मिळत असतील, तर असा सराव आपापसांत करून पाहा.

आणखी एक गोष्ट मी गांभीर्याने सांगतो. स्पर्धेत शिकलेले तंत्र महाविद्यालयाच्या निकालाच्या संकेतस्थळावर ‘नुसते बघण्यासाठी’सुद्धा वापरू नकोस. परवानगीविना दुसऱ्याच्या संगणकात शिरणे माहिती तंत्रज्ञान कायदा, २००० च्या कलम ४३ खाली येते. तेच अप्रामाणिकपणे किंवा कपटाने केल्यास कलम ६६ प्रमाणे तीन वर्षांपर्यंतचा कारावास, पाच लाख रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही शिक्षा होऊ शकतात. एखादी त्रुटी सहज नजरेस पडलीच, तर तिथेच थांबून संबंधितांना लेखी कळव.

स्पर्धा संपली की पहिला राइट-अप मला पाठव. मराठीत लिहिलास तरी चालेल.

तुझा शुभचिंतक