वर गेलेला संघ तोच का राहत नाही?

आपण विचारले आहे की, इंग्लंडमधील खालच्या विभागांतले फुटबॉल क्लब बढती मिळवून वर गेले की ज्या खेळाडूंनी त्यांना वर नेले त्यांच्यापैकी कित्येकांना दोन महिन्यांच्या आत निरोप का देतात, आणि हा कृतघ्नपणा नाही का. २०१७ ते २०२० या काळात मी नोकरीनिमित्त लिव्हरपूलमध्ये राहत होतो. मर्सी नदीपलीकडच्या बर्कनहेडमध्ये ट्रान्मिअर रोव्हर्स हा क्लब आहे, त्याच्या मैदानावर, म्हणजे प्रेंटन पार्कवर, मी जवळजवळ दर पंधरवड्याला जात असे, आणि हाच प्रश्न तेव्हा मलाही फार छळत असे. आता माझे मत असे झाले आहे की, निरोप 'दिला' हा शब्द बहुतेक वेळा चुकीचा असतो. खेळाडूला कोणी काढत नाही, त्याचा करार संपतो. आणि तो कधी संपणार हे बढतीच्या एक-दोन वर्षे आधीच ठरलेले असते.

इंग्लंडमध्ये वरून खाली प्रीमियर लीग, चॅम्पियनशिप, लीग वन, लीग टू आणि नॅशनल लीग अशी विभागांची उतरंड आहे, आणि मधल्या तिन्हींना मिळून फुटबॉल लीग म्हणतात. यांतल्या लीग वन, लीग टू आणि त्यांच्या खालची नॅशनल लीग या विभागांत बहुतेक करार एक किंवा दोन वर्षांचे असतात. पुढच्या वर्षी आपण कोणत्या विभागात असू आणि किती पैसा हाती असेल हे क्लबलाच माहीत नसते, त्यामुळे याहून लांबचा करार करणे त्याला परवडत नाही. करार ३० जूनला संपतात. चोवीस वर्षे पूर्ण झालेला खेळाडू करार संपल्यावर कोणत्याही क्लबकडे जाऊ शकतो आणि आधीच्या क्लबला त्याबद्दल एक पौंडही मिळत नाही. त्याहून लहान खेळाडूला क्लबने नवा करार देऊ केला असेल, तरच भरपाई मागता येते. म्हणजे ज्या आघाडीपटूच्या गोलांवर क्लब वर गेला, त्याची किंमत आयुष्यात सर्वांत जास्त असते नेमकी त्याच महिन्यात तो मोकळा होण्याची शक्यता असते. बढतीमुळे क्लबचा हात थोडा सैल होतो खरा, पण बाजारात त्याच्याहून श्रीमंत क्लब त्याच खेळाडूकडे डोळे लावून बसलेले असतात.

ट्रान्मिअरचेच पाहा. ९४ वर्षे फुटबॉल लीगमध्ये राहिलेला हा क्लब २०१५ मध्ये तिच्याबाहेर पडला. मे २०१८ मध्ये वेम्ब्लीवर बोरहॅम वुडविरुद्ध पहिल्याच मिनिटात एक खेळाडू लाल कार्ड मिळून बाहेर गेल्यावरही उरलेल्या दहा जणांनी सामना २-१ असा जिंकला आणि क्लब लीग टूमध्ये परतला. विजयी गोल जेम्स नॉरवुडचा होता. पुढच्या हंगामात याच नॉरवुडने लीग टूमध्ये २९ गोल केले. २५ मे २०१९ रोजी न्यूपोर्ट काउंटीला जादा वेळेत १-० असे हरवून क्लब सलग दुसऱ्यांदा वर गेला, आणि त्यानंतर थोड्याच दिवसांत नॉरवुडचा करार संपला व तो इप्स्विचकडे गेला. इप्स्विच त्याच उन्हाळ्यात वरून घसरून लीग वनमध्ये आलेला क्लब होता, त्यामुळे दोघेही एकाच विभागात खेळणार होते. पण इप्स्विचची ऐपत मोठी होती. ट्रान्मिअरला त्याच्या बदल्यात काहीही मिळाले नाही. पुढचा हंगाम मार्च २०२० मध्ये करोनामुळे थांबला, प्रत्येक सामन्यामागील सरासरी गुणांवरून क्रम लावण्यात आला आणि क्लब एकविसाव्या क्रमांकावर, म्हणजे पुन्हा खाली गेला. तो हंगाम मी जवळून पाहिला. वर्षभर मधल्या फळीतून आलेला चेंडू पुढे कोणी तरी गोलात घालील अशी वाट पाहण्यातच आमची दुपार जात असे.

त्या संघात पॉल मलिन नावाचा आणखी एक आघाडीपटू होता. तो मूळचा मर्सीसाइडचाच. २०१८ मध्ये, म्हणजे क्लब नुकताच वर आला असताना झालेल्या भरतीत तो आला होता. लीग वनमध्ये त्याचा जम बसला नाही आणि जानेवारी २०२० मध्ये तो उसनवारीवर, म्हणजे मूळ क्लबशी करार कायम ठेवून ठरावीक काळापुरता, लीग टूमधल्या केंब्रिज युनायटेडकडे गेला. उन्हाळ्यात तिथेच कायम झाल्यावर २०२०-२१ मध्ये त्याने लीग टूमध्ये ३२ गोल केले आणि केंब्रिजला दुसऱ्या क्रमांकावर आणून बढती मिळवून दिली. मग तेच घडले: करार संपला आणि मलिन गेला. विशेष म्हणजे तो वर नव्हे, दोन विभाग खाली, नॅशनल लीगमधल्या रेक्सहॅमकडे गेला, कारण रेक्सहॅमला त्याच वर्षी रायन रेनॉल्ड्स आणि रॉब मॅकेलहेनी हे दोन अभिनेते नवे मालक म्हणून लाभले होते, त्यांनी तीन वर्षांचा करार दिला आणि ते गाव त्याच्या घरापासून तासाभराच्या अंतरावर होते.

या दोन्ही क्लबांची तुलना मला आपल्या प्रश्नाच्या मुळाशी जाणारी वाटते. दोघांनीही बढती मिळताच आपल्या विभागातला सर्वाधिक गोल करणारा खेळाडू फुकटात गमावला. ट्रान्मिअर खाली गेला, तर केंब्रिजने लीग वनमध्ये चौदावा क्रमांक मिळवला आणि जानेवारी २०२२ मध्ये एफए कपमध्ये, म्हणजे सर्व विभागांतल्या क्लबांच्या बाद फेरीच्या स्पर्धेत, प्रीमियर लीगमधल्या न्यूकॅसलला त्यांच्याच मैदानावर हरवले. त्या सामन्याचा गोल करणारा जो आयर्नसाइड आणि गोलरक्षक दिमितार मितोव हे दोघेही बढती मिळवणाऱ्या संघातले होते. मलिनच्या जागी रेडिंगने मोकळा केलेला सॅम स्मिथ आला, जो पूर्वी उसनवारीवर केंब्रिजमध्ये खेळून गेलेला होता आणि ड्रेसिंग रूमला परका नव्हता. म्हणून नवे किती आले आणि जुने किती गेले ही मोजणी मला फारशी उपयोगाची वाटत नाही. गोलरक्षक, मधले बचावपटू आणि मधल्या फळीतला सूत्रधार ही कण्यासारखी जागा शाबूत असेल, तर पुढचा एक मोहरा गेला तरी संघ उभा राहतो. कणाच बदलला, तर सहा उत्तम खेळाडू आणूनही ऑक्टोबरपर्यंत ते एकमेकांच्या हाका ओळखायला शिकत असतात.

आकडे फुगवणारी आणखी दोन कारणे आहेत आणि ती क्लबच्या हातात नसतात. पहिले म्हणजे उसनवारीचे खेळाडू. मोठ्या क्लबांची तरुण मुले हंगामापुरती येतात, चांगली खेळली तर मूळ क्लब त्यांना परत बोलावतो किंवा अधिक वरच्या विभागात पाठवतो. 'गेलेल्या' खेळाडूंच्या यादीत त्यांचीही नावे येतात, पण ती कधी क्लबची नव्हतीच. दुसरे म्हणजे नॅशनल लीगमध्ये काही संघ अर्धवेळ असतात. दिवसा नोकरी करून आठवड्यातून दोन-तीन संध्याकाळी सराव करणाऱ्या तिशीतल्या माणसाला वर गेल्यावर पूर्णवेळ खेळाडू व्हायचे, तर वर्षभराच्या करारासाठी कायमची नोकरी सोडावी लागते. कित्येक जण विचार करून नाही म्हणतात, आणि मला त्यांचा निर्णय अगदी योग्य वाटतो.

आता, क्लब स्वतःहून बदल करतात तेव्हा ते शहाणपणाचे असते का? हे पायरीच्या उंचीवर अवलंबून आहे. नॅशनल लीग आणि लीग टू यांतली पायरी फार उंच नाही. डॉनकास्टर, कार्लाइल, एक्झिटर, स्टीव्हनेज, क्रॉली, ब्रिस्टल रोव्हर्स, ट्रान्मिअर आणि रेक्सहॅम हे सारे क्लब तिथून वर आल्यावर लगेच पुढच्याच वर्षी आणखी वर गेले. १८९८ मध्ये स्थापन झालेला सटन युनायटेड हा छोटा क्लब २०२१ मध्ये प्रथमच फुटबॉल लीगमध्ये आला, तो बहुतांश त्याच संघानिशी खेळला आणि ७६ गुणांसह आठवा आला. प्लेऑफ, म्हणजे बढतीच्या उरलेल्या एका जागेसाठी थेट बढती न मिळालेल्या वरच्या संघांत होणारे सामने, अवघ्या एका गुणाने हुकला. कृत्रिम गवत त्या लीगमध्ये चालत नाही, म्हणून त्यांना मैदान मात्र उखडून नवे करावे लागले. याउलट लीग वनहून चॅम्पियनशिपची पायरी खरोखर उंच आहे, कारण तिथे प्रीमियर लीगमधून घसरलेले आणि तिकडचा पैसा काही वर्षे मिळत राहणारे क्लब असतात. म्हणूनच २०२५ च्या उन्हाळ्यात सलग तिसरी बढती मिळवलेल्या रेक्सहॅमने डझनाहून अधिक खेळाडू घेतले, नेथन ब्रॉडहेडसाठी क्लबच्या इतिहासातली सर्वांत मोठी रक्कम मोजली, आणि नॅशनल लीगपासूनचे सोबती एकेक करून बाजूला झाले. ल्यूटन या क्लबच्या पेली-रडक म्पान्झूने कॉन्फरन्सपासून (नॅशनल लीगचे जुने नाव) प्रीमियर लीगपर्यंतचा सगळा प्रवास एकाच क्लबकडून केला, पण असा प्रवास करणारा तो इतिहासातला पहिलाच खेळाडू होता.

कृतघ्नपणाचा आपला शब्द मात्र मी पूर्णपणे खोडणार नाही. कोणाला ठेवले आणि कोणाला मोकळे केले याची यादी बढतीच्या मिरवणुकीनंतर काही दिवसांतच जाहीर होते, आणि तीत ज्याचे नाव मोकळ्यांत असते त्याच्या घरी मुलांची शाळा असते, भाड्याचे घर असते, जुलैचा पगार कोठून येणार ही चिंता असते. निर्णय समोर बसवून सांगितला की फोनवर, मेमध्ये सांगितला की जूनच्या शेवटापर्यंत टांगून ठेवला, यात क्लबची नियत दिसते. प्लेऑफमधून वर जाणाऱ्यांना मेअखेरपर्यंत आपला विभागच माहीत नसतो, त्यामुळे तिथे उशीर समजण्यासारखा आहे. एप्रिलमध्येच वर गेलेल्या क्लबला ही सबब देता येत नाही.

मलिनची गोष्ट पुढे अशी झाली की, रेक्सहॅमकडून त्याने २०२२-२३ मध्ये नॅशनल लीगमध्ये ३८ आणि पुढच्या वर्षी लीग टूमध्ये २४ गोल केले. मग पाठीची शस्त्रक्रिया झाली, संघातली जागा गेली, आणि जानेवारी २०२५ मध्ये रेक्सहॅमने नवा आघाडीपटू विकत घेतला. तो होता सॅम स्मिथ, केंब्रिजमध्ये मलिनच्याच जागी आलेला. २६ एप्रिल २०२५ रोजी चार्ल्टनला ३-० असे हरवून क्लब चॅम्पियनशिपमध्ये गेला, त्यातले दोन गोल स्मिथचे होते. त्या उन्हाळ्यात मलिन उसनवारीवर विगनकडे गेला, जो लीग वनमध्येच होता.