आसरा देणाऱ्या गावाचं काय?

प्रश्न : ताई, एन.एस.एस.च्या शिबिरात ऐकलं, की निर्वासितांसाठी आलेल्या मदतीतला ३० टक्के वाटा आसपासच्या गावांना द्यायचा, असं युगांडात धोरण आहे. घरदार गेलेल्यांच्या ताटातलं काढून घर असलेल्यांना द्यायचं, हे मला पटत नाही.
– एक विद्यार्थिनी, खानापूर

उत्तर : ऑगस्ट २०१९ पर्यंत मीही हेच म्हटलं असतं. त्या महापुरात वेदगंगेकाठची माणसं निपाणी भागातल्या आमच्या शाळेत राहायला आली. पहिल्या दिवशी गावातल्या बायकांनी न सांगता घराघरांतून भाकरी-झुणका आणला. सहाव्या दिवशी त्याच बायका शाळेच्या बोअरवर भांडत होत्या. एकीनं दुसरीची भरलेली घागर लवंडली आणि मग दोघीही रडायला लागल्या.

त्यातली एक विड्या वळणारी. घर उंचावर, कोरडं. पण रस्ते बंद, पान-तंबाखू येईना, म्हणजे मजुरीही नाही. तांदूळ-डाळीचं किट वाटताना ती फाटकाशी उभी होती. यादीत नाव नव्हतं. मला म्हणाली, "बाई, माझं घर पडलं नाही हे चुकलं काय माझं?" पहिल्या दिवशी पाच भाकऱ्या तिनंच आणल्या होत्या.

आमच्याकडे पाणी पंधरा दिवसांत ओसरलं. बांगलादेशात उखिया-टेकनाफला ऑगस्ट २०१७ पासून सात लाखांवर रोहिंग्या आले, ते आजही तिथंच आहेत. स्थानिकांची मजुरी उतरली, सरपणापायी डोंगर उघडे पडले. मग २०१८ पासून गॅस सिलिंडर दिले ते छावणीला आणि गावातल्या गरजूंनाही. जंगल दोघांचं तुटत होतं ना!

ताट लहान आहे, हे तुमचं म्हणणं खरंच आहे. २०२३ मध्ये तिथल्या रोहिंग्यांचं रेशन माणशी महिना १२ डॉलरवरून ८ वर आलं. पण ते गावकऱ्यांनी खाल्लं नाही. देणाऱ्या देशांनी हात आखडला. त्यांना जाब विचारायला हवा. युगांडातला तो वाटासुद्धा बराचसा शाळा, दवाखाने आणि पाण्यावर जातो, आणि त्या नळावर निर्वासित बाईही घागर लावते.

पुढचं शिबिर मुंडगोडला न्या. १९६६ पासून तिबेटी लोक तिथं राहतात. वसाहतीत शिरण्याआधी शेजारच्या गावात तासभर बसा, पाण्याचं आणि मजुरीचं विचारा. मग वसाहतीत जाऊन तेच विचारा.