सेफ्टी डोअर बंद ठेवूनच बोला

प्रश्न: मी नाशिकला इंदिरानगरमध्ये तिसऱ्या मजल्यावर भाड्याच्या फ्लॅटमध्ये राहते. बाळ चार महिन्यांचं आहे. नवरा अंबड एमआयडीसीत, दिवसभर घरात आम्ही दोघंच. मागच्या आठवड्यात एका वॉटर प्युरिफायरवाल्याने दार उघडताच पाय आत घातला. मी नको म्हणत असताना तो स्वयंपाकघरापर्यंत आला, नळाचं पाणी तांबडं-काळं करून दाखवलं आणि १,५०० रुपये ॲडव्हान्स घेऊन गेला. आता पैसे परत देत नाही. 'बेबी न्यूट्रिशन'वाली म्हणवणारी एक बाई बाळाच्या सीरियलचं, म्हणजे धान्याच्या तयार शिशुआहाराचं, पाकीट देऊन गेली, त्यानंतर दोनदा येऊन गेली. शिवाय आधीच्या भाडेकरूचं कर्ज वसूल करायला एक माणूस येतो आणि जिन्यातच उभा राहतो. बाळ कडेवर असताना किती भांडणार? पोलीस असली तक्रार घेतात का?

उत्तर: ताई, भांडू नका. तुमच्या परवानगीशिवाय उंबरठ्याच्या आत पाऊल टाकायचा अधिकार या तिघांपैकी कोणालाही नाही. फ्लॅट भाड्याचा आहे म्हणून काही बिघडत नाही. इथे मालकी कोणाची हे बघितलं जात नाही, ताबा कोणाचा ते बघितलं जातं, आणि ताबा तुमचा आहे.

भारतीय न्याय संहितेचं कलम ३२९ तुमच्या कामाचं आहे. धमकावण्याच्या, अपमान करण्याच्या किंवा त्रास देण्याच्या हेतूने दुसऱ्याच्या ताब्यातल्या जागेत शिरणं हे अतिक्रमण आहे. परवानगीने आत येऊन नंतर त्याच हेतूने बेकायदा थांबून राहणं हेही अतिक्रमणच. राहत्या घरात ते झालं की गृह-अतिक्रमण होतं, आणि त्याला एक वर्षापर्यंत कैद किंवा ५,००० रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही आहे. हा दखलपात्र गुन्हा आहे, म्हणजे पोलिसांना कोर्टाची परवानगी न घेता तपास करता येतो. याच कलमात आणखी एक वाक्य आहे: शरीराचा कोणताही भाग आत आला तरी तो 'प्रवेश' धरला जातो. दारात अडकवलेला पाय त्यातच मोडतो.

अडचण येते ती हेतूची. पोलीस म्हणतील, त्याला फक्त माल विकायचा होता. म्हणून तक्रारीत 'मला त्रास झाला' एवढं लिहून भागत नाही, घडलं ते क्रमाने लिहा. 'मी नको म्हटलं, तरी त्याने पाय काढला नाही. मी दार लोटत होते, त्याने हाताने दार धरून ठेवलं. बाळ माझ्या कडेवर होतं. बाहेर जा म्हटल्यावरही तो आत गेला.' तारीख, वेळ, पैसे ज्या यूपीआय आयडीवर गेले तो आणि व्यवहार क्रमांक लिहा. सोसायटीत सीसीटीव्ही असेल तर आजच सेक्रेटरींना लेखी अर्ज देऊन त्या दिवसाचं फुटेज राखून ठेवायला सांगा, कारण चित्रण साठवणारा डीव्हीआर भरला की जुनं चित्रण आपोआप पुसलं जातं.

आता त्याचं पाणी. पाणी तांबडं-काळं करून दाखवणाऱ्या त्या यंत्राला धातूच्या कांड्यांच्या जोड्या असतात, जोडीतली एक कांडी लोखंडाची. नळाच्या पाण्यात विरघळलेले क्षार असतात, त्यामुळे त्यातून वीज वाहते, लोखंड झिजतं आणि त्याचा गंजासारखा गाळ पाण्यात उतरतो. आरओच्या पाण्यात क्षार जवळजवळ नसतात, वीज वाहत नाही, म्हणून ते स्वच्छ दिसतं. तुमच्या ग्लासातली घाण नळातून आलेली नव्हती, त्याच्या कांडीची होती. टीडीएस (पाण्यात विरघळलेले एकूण क्षार) मोजणाऱ्या मीटरवरचा आकडाही असाच घाबरवायला वापरतात. पिण्याच्या पाण्याच्या भारतीय मानकात, आयएस १०५००मध्ये, लिटरमागे ५०० मिलिग्रॅमपर्यंत टीडीएस सरळ स्वीकारार्ह आहे, आणि जंतू आहेत की नाहीत हे त्या मीटरला कळतच नाही. तान्ह्या बाळाच्या आईला असं पाणी दाखवून घाबरवणं मला फार संतापजनक वाटतं. ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ नुसार ही अनुचित व्यापारी प्रथा आहे. बिल न देणं हीसुद्धा.

पैशांसाठी आधी कंपनीच्या ई-मेलवर लेखी मागणी करा: ऑर्डर रद्द, इतक्या दिवसांत पैसे परत. मग राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन १९१५ वर तक्रार नोंदवा. एवढ्या रकमेचं प्रकरण बहुतेक वेळा तिथेच मिटतं. नाहीच मिटलं तर जिल्हा ग्राहक आयोग आहे. तुम्ही नाशिकला राहता म्हणून तक्रार नाशिकलाच करता येते, कंपनी कुठलीही असो. ५ लाखांपर्यंतच्या व्यवहाराला शुल्क नाही, मुदत २ वर्षांची. माणूस 'डायरेक्ट सेलिंग' म्हणजे विक्रेत्यांच्या साखळीतला निघाला तर २०२१चे नियमही लागू होतात: ओळखपत्र आणि आधी घेतलेली वेळ किंवा संमती असल्याशिवाय त्याला ग्राहकाच्या घरी जाता येत नाही.

पाकीटवाली बाई तुम्हाला या तिघांत सगळ्यात निरुपद्रवी वाटत असेल. माझ्या मते तिचीच तक्रार सगळ्यात आधी करायला हवी. शिशुदुग्ध पर्याय, दुधाच्या बाटल्या आणि शिशुआहार यांच्यासाठी १९९२चा स्वतंत्र कायदा आहे, २००३ मध्ये तो आणखी कडक झाला. त्याच्या कलम ४ प्रमाणे अशा मालाचा खप वाढवण्यासाठी नमुने वाटायला बंदी आहे, भेटवस्तू द्यायला बंदी आहे, आणि गरोदर बाईशी किंवा तान्ह्या बाळाच्या आईशी संपर्क साधायलाही बंदी आहे. म्हणजे त्या हेतूने तिने तुमची बेल वाजवणं हाच गुन्हा. शिक्षा तीन वर्षांपर्यंत कैद किंवा ५,००० रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही. सहा महिन्यांपर्यंत बाळाला फक्त आईचं दूध द्यावं असं डॉक्टर सांगतात, आणि ही बाई चौथ्या महिन्यात सीरियल घेऊन येते. बंदी कशासाठी आहे ते यातच दिसतं.

ते पाकीट फेकू नका आणि वापरूही नका. उत्पादकाचं नाव, बॅच नंबर, तारखा दिसतील असे सगळ्या बाजूंनी फोटो काढा. तिचं कार्ड, मेसेज, नंबर जपा. बाळंतपण झालं तिथून तुमचा पत्ता गेला असावा अशी शंका असेल, तर शंका म्हणूनच लिहा. या कायद्याखाली तुम्हाला स्वतः थेट कोर्टात जाता येत नाही. तक्रार अधिकृत अधिकाऱ्याने किंवा सरकारने नेमलेल्या संस्थेने करावी लागते. म्हणून नाशिकच्या अन्न व औषध प्रशासनाकडे लेखी अर्ज द्या आणि पोच घ्या. ब्रेस्टफीडिंग प्रमोशन नेटवर्क ऑफ इंडिया ही संस्थाही अशा प्रकरणांचा पाठपुरावा करते.

वसुलीवाल्याचं सोपं आहे. कर्ज तुमचं नाही, जामीनही तुम्ही नाही. त्याच्याकडून ओळखपत्र आणि बँकेचं अधिकारपत्र मागा, सेफ्टी डोअरमधूनच फोटो काढा, भाडेकराराचं फक्त पहिलं पान दाखवा. प्रत द्यायची नाही. रिझर्व्ह बँकेच्या नियमांप्रमाणे वसुली एजंटांना कर्जदारालाही धमकावता येत नाही, आणि सकाळी ८ च्या आधी किंवा संध्याकाळी ७ नंतर वसुलीसाठी फोन करता येत नाही. तुम्ही तर कर्जदारही नाही. बँकेच्या तक्रार विभागाला ई-मेल करा. ३० दिवसांत उत्तर आलं नाही किंवा पटलं नाही तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे ऑनलाइन तक्रार फुकट करता येते.

तो जिन्यात उभा राहतो, तो प्रश्न वेगळा आहे. जिना सोसायटीचा सामाईक भाग आहे, तुमचं घर नाही. नुसती बेल वाजवणं किंवा जिन्यात थांबणं हे सहसा गृह-अतिक्रमण ठरत नाही. तिथे सोसायटीने पुढे यायला हवं: गेटवर रजिस्टर, नाव-नंबर-कोणाकडे, आणि फ्लॅटधारकाने फोनवर हो म्हटल्याशिवाय वर सोडायचं नाही असा ठराव. घरमालकामार्फत हा विषय कमिटीपुढे न्या. धमकी दिली, शिवीगाळ केली किंवा वाट अडवली तर मात्र थेट ११२.

दाराचं म्हणाल तर सेफ्टी डोअर असेल तर आतून कडी लावूनच आतलं लाकडी दार उघडायचं. नसेल तर दाराची साखळी बसवून घ्या. तिच्यासोबत येणारे छोटे स्क्रू धक्क्याला निघून येतात, सुताराला चौकटीत दीड इंची स्क्रू मारायला सांगा. बेलवर 'बाळ झोपले आहे' असं लिहू नका. त्यातून घरात बाळ-बाळंतीणच आहेत हे परक्याला कळतं. 'बेल वाजवू नये. फोन करून यावे. विक्रेते, वर्गणी, सर्वेक्षण यांना परवानगीशिवाय प्रवेश नाही,' एवढं पुरे. कोणी आलंच तर मोबाइलचं रेकॉर्डिंग सुरू करा आणि एकदाच, मोठ्याने: 'मला काही घ्यायचं नाही. आत यायचं नाही. आता निघा.' नकार स्पष्ट नोंदला गेला की हेतूचा मुद्दा बराच सोपा होतो.

महावितरण, गॅस एजन्सी, आशा ताई, जनगणना यांची कामं खरी असतात, त्यांना अडवू नका. पण ओळखपत्र आधी बघा, शंका आली तर बिलावरच्या किंवा गॅसबुकावरच्या नंबरवर विचारा, आणि 'तपासणी'चे रोख पैसे दारात देऊ नका.

कोणाचाही फोटो 'मुलं पळवणारा' म्हणून व्हॉट्सॲपवर टाकू नका, कितीही राग आला तरी. बदनामीचा गुन्हा तुमच्यावर येईल, आणि तेही सर्वांत किरकोळ. १ जुलै २०१८ ला शेजारच्या धुळे जिल्ह्यात राईनपाड्याला अशाच अफवेवरून जमावाने भिक्षेकरी समाजातल्या पाच निरपराध माणसांना ठार मारलं. तसंच शेजाऱ्यांनी विक्रेत्याला कोंडून मारहाण केली तर आरोपी शेजारीच होतील.

तक्रार इंदिरानगर पोलीस ठाण्यात द्या. दखलपात्र गुन्हा असूनही नोंदवून घेतला नाही, तर पोलीस तपासाची पद्धत ठरवणाऱ्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १७३(४) प्रमाणे तीच तक्रार पोस्टाने पोलीस उपायुक्तांकडे पाठवता येते. स्पीड पोस्टाने पाठवा, पावती जपा. पुढे जबाबासाठी बाळाला घेऊन ठाण्यात या असं कोणी म्हटलं तर याच संहितेचं कलम १७९ दाखवा: साक्षीदार बाईला राहत्या घराबाहेर कुठेही हजर राहायला भाग पाडता येत नाही. अधिकाऱ्यांनी जबाब घ्यायला तुमच्या घरी यायचं, आणि त्यांनाही आधी ओळखपत्र विचारायला हरकत नाही.