वाळवणाचे दिवस आणि मुलांची सुट्टी

प्रश्न : मी सांगली जिल्ह्यातील एका तालुक्याच्या गावी राहते. गेली सहा वर्षे घरूनच कुरडया, पापड, सांडगे आणि कांदा-लसूण चटणी करून विकते. हंगामात सुमारे 400 किलो माल जातो. दोन बायका मदतीला असतात. माझा सगळा हंगाम एप्रिल-मेमध्येच येतो आणि नेमकी तेव्हाच शाळेला सुट्टी लागते. मुलगा अकरा वर्षांचा आहे, मुलगी सहा वर्षांची. यजमान नोकरीमुळे दिवसभर बाहेर असतात आणि सासूबाईंना गुडघ्यांमुळे मुलीच्या मागे फिरता येत नाही. गेल्या मे महिन्यात दोघे दिवसभर मोबाइलवर होती, आणि एकदा तर मुलगी चिकाच्या पातेल्याला अगदी खेटून उभी राहिलेली दिसली, तेव्हा माझे हातपायच गळाले. नणंदबाई म्हणतात, धंदा बंद कर. मोठ्याला हाताशी घेतले तर चालेल का?
– एक वाचक, सांगली जिल्हा

उत्तर : धंदा बंद करण्याचा सल्ला आम्ही देणार नाही. ज्या दोन महिन्यांत वर्षाची कमाई होते, तेच दोन महिने सोडायला सांगणे म्हणजे शेतकऱ्याला मृगात पेरणी करू नको म्हणण्यासारखे आहे. मात्र तुमच्या पत्रात मालाचे वजन आहे, मदतीच्या बायका आहेत, पण तुमच्या स्वतःच्या वेळेचा आणि मुलांना सांभाळण्याच्या खर्चाचा कुठेच उल्लेख नाही. गहू, उडीद डाळ, पापडखार, मिरची, कांडपाची मजुरी, पिशव्या हे सारे भावात धरले जाते. मुले मात्र फुकट सांभाळली जातील असे गृहीत धरलेले असते, आणि खरा घोळ तिथेच आहे. शेजारची एखादी विश्वासू मावशी रोज चार तास केवळ मुलांसाठी ठेवली आणि तिला दिवसाला 200 रुपये दिले, तर चाळीस दिवसांचे 8,000 रुपये होतात. 400 किलोंवर वाटले तर किलोमागे 20 रुपये. तुमच्या भागातील मजुरीप्रमाणे आकडा बदलेल, हिशोबाची रीत बदलणार नाही. घरच्या चवीसाठी दरवर्षी तुमच्याकडे येणारे गिऱ्हाईक एवढ्या वाढीने तुटेल असे आम्हांला वाटत नाही.

त्यानंतर कामाची वाटणी तासांवर न करता धोक्यावर करावी. सर्वांत धोक्याचे काम चिकाचे. तीन दिवस भिजवलेल्या गव्हाचा चीक पहाटे हाटून, ऊन चढण्याआधी सोऱ्याने कुरडया घालून मोकळे होण्याची आपली जुनी पद्धत येथे उपयोगाची आहे, कारण त्या वेळी मुले झोपलेली असतात. शेगडी जमिनीवर असेल तर मुले उठण्यापूर्वी पातेले हलवून दार लावून घ्यावे. उकळता चीक अंगाला चिकटून राहतो, त्यामुळे तो साध्या गरम पाण्यापेक्षा खोल भाजतो. दुर्दैवाने कोणी भाजलेच, तर तो भाग वीस मिनिटे नळाच्या वाहत्या गार पाण्याखाली धरावा आणि दवाखाना गाठावा. हळद, टूथपेस्ट किंवा बर्फ लावू नये. चटणीसाठी मिरची भाजण्याचा दिवस तर मुले घरात नसतानाच ठरवावा. ब्याडगी असो वा लवंगी, त्या ठसक्याने मोठ्यांचा जीव नकोसा होतो, तिथे सहा वर्षांच्या मुलीला घरात ठेवण्यात अर्थ नाही. आजोळी आठ-दहा दिवस पाठवणार असाल, तर चटणीचे सर्व काम त्याच दिवसांत उरकून घ्यावे.

आता मोठ्या मुलाविषयी. बालमजुरी प्रतिबंधक कायद्यात 2016 साली झालेल्या दुरुस्तीनुसार चौदा वर्षांखालील मुलाला कोणत्याही कामावर ठेवता येत नाही; शाळा सुटल्यावर किंवा सुट्टीत स्वतःच्या कुटुंबाला, धोकादायक नसलेल्या कामात, हातभार लावण्यापुरती सूट आहे. त्यालाही मर्यादा आहेत : दिवसात तीन तासांपेक्षा जास्त नाही, संध्याकाळी सात ते सकाळी आठ या वेळेत मुळीच नाही, आणि मोठ्या माणसाच्या जागी मूल ही सोय तर नाहीच. म्हणजे तिसरी बाई ठेवण्याऐवजी मुलाला बसवायचे असा विचार मनात असेल, तर तो सोडून द्यावा. गच्चीवरच्या वाळवणाची सकाळी तास-दीड तास राखण करणे, कावळे हाकलणे, मधूनच पापडाची कच्ची लाटी तेलात बुडवून तोंडात टाकणे, हे आपल्यापैकी अनेकांनी केलेले आहे आणि त्यात वावगे काही नाही. फक्त दुपारी बारा ते चार त्याला गच्चीवर पाठवू नये. त्या वेळी वाळवणावर जाळी घालावी.

मोबाइलचा प्रश्न मावशी आल्यावर निम्मा सुटेल. उरलेला निम्मा तुम्ही दुपारी जेवून तासभर कामाला हात न लावता मुलांजवळ बसलात तर सुटेल, आणि हे आम्हांला मावशीपेक्षाही आवश्यक वाटते. त्यासाठी ऑर्डरी कुठेतरी थांबवाव्या लागतील. मेच्या उत्तरार्धात वळिवाचा भरवसा नसतोच, तेव्हा 10 मेनंतर नवी ऑर्डर नाही असे एप्रिलमध्येच सांगून निम्मे पैसे आगाऊ घ्यावेत. पहिल्या वर्षी काही गिऱ्हाइके रुसतील, हे खरे.

प्रश्न : नाशिकमध्ये माझे वह्या-पुस्तकांचे दुकान आहे. शाळा उघडण्याआधी गर्दी असते. तेरा वर्षांचा पुतण्या सुट्टीत मदतीला येतो; त्याचा शेजारचा मित्रही येऊ म्हणतो. दोघांना खाऊचे पैसे देऊन ठेवावे का?
– एक दुकानदार, नाशिक

उत्तर : पुतण्याला तुमच्याजवळ बसून थोडा हातभार लावता येईल, कारण कायद्याने केलेल्या कुटुंबाच्या व्याख्येत काका येतो, वर सांगितलेल्या वेळेच्या मर्यादा त्यालाही लागू आहेत आणि गठ्ठे उतरवण्याचे काम त्याला देऊ नये. त्याच्या मित्राचे तुम्ही काका नाही. खाऊच्या नावाने का होईना, त्याला कामाला ठेवले तर तो गुन्हा ठरतो आणि त्याला 20,000 ते 50,000 रुपये दंड किंवा सहा महिने ते दोन वर्षे कैद, किंवा दोन्ही अशी शिक्षा आहे. त्याला दुकानात गोष्टीची पुस्तके वाचत बसू द्यावे. जूनमधल्या गर्दीसाठी अठरा वर्षांवरील एखादा महाविद्यालयीन विद्यार्थी महिनाभर पगारावर घ्यावा.