ग्योटिंगेनला यावं की बर्लिनला जावं?

तू विचारलंयस की फिजिक्सच्या मास्टर्ससाठी बर्लिन आणि ग्योटिंगेन दोन्हीकडे अ‍ॅडमिशन मिळालीय, घरचे म्हणतायत बर्लिनलाच जा, ग्योटिंगेनचं नाव कुणी ऐकलंय का, आणि एवढ्याशा गावात दोन वर्षं कंटाळा येईल का. मी पण पुण्याचीच, इथं बरीच वर्षं राहतेय, म्हणून जरा सविस्तरच लिहिते. माझं मत आधीच सांगते, फिजिक्स करायचंय तर ग्योटिंगेनला ये.

घरच्यांना सांग की पुण्याने हे नाव दीडशे वर्षांपूर्वीच ऐकलंय. फ्रान्झ कीलहॉर्न म्हणून जर्मन पंडित 1866 ते 1881 आपल्या डेक्कन कॉलेजात संस्कृत शिकवायचे, पतंजलीच्या महाभाष्याची त्यांनी काढलेली आवृत्ती अभ्यासक अजून वापरतात. ते तिथून निघाले आणि ग्योटिंगेनला प्रोफेसर झाले ते 1908 मध्ये वारले तोपर्यंत इथंच, आणि डेक्कन कॉलेजात त्यांच्या जागेवर आले रा. गो. भांडारकर. त्याच भांडारकरांना 1885 मध्ये डॉक्टरेट दिली ती ग्योटिंगेन विद्यापीठाने. मला हे इथं आल्यावर कळलं तेव्हा इतका आनंद झाला होता की त्याच रात्री बाबांना फोन केला.

आता गावाबद्दल. वस्ती सव्वा लाखाच्या आसपास, त्यात विद्यार्थीच इतके की सुट्ट्यांमध्ये रस्ते रिकामे वाटतात. विद्यापीठ 1737 चं, इंग्लंडचा राजा दुसरा जॉर्ज हाच हानोव्हरचा, म्हणजे हे गाव ज्या राज्यात होतं त्याचाही राज्यकर्ता होता, त्याने काढलेलं. 1837 मध्ये हानोव्हरच्या नव्या राजाने राज्यघटना रद्द केली तेव्हा सात प्राध्यापकांनी लेखी निषेध केला आणि सातही जणांच्या नोकऱ्या गेल्या, परीकथावाले ग्रिम बंधू त्यातलेच दोघं. त्याआधी चारच वर्षं गणितज्ञ गाउस आणि फिजिक्सवाला वेबर यांनी इथल्या घरांच्या छपरांवरून तार ओढून टेलिग्राफ चालवून दाखवला होता (वेबर पण त्या सातांतलाच). मग रीमान, क्लाइन, हिल्बर्ट, एमी नोएथर हे गणितज्ञ, आणि 1925 मध्ये हायझेनबर्ग, बॉर्न, जॉर्डन या तिघांनी क्वांटम मेकॅनिक्सची मांडणी केली ती याच गावात, ओपेनहायमरने बॉर्नकडेच 1927 मध्ये डॉक्टरेट केली. तू जे दोन वर्षं शिकणारेस त्यातलं निम्मं इथंच जन्मलंय ग.

आणि 1933 पण माहीत असू दे. नाझींनी ज्यू प्राध्यापकांना काढायचा कायदा केला आणि काही महिन्यांत बॉर्न, नोएथर, गणितज्ञ कूरांट सगळे गेले, फिजिक्सचे प्रोफेसर जेम्स फ्रांकना पहिल्या महायुद्धातल्या कामगिरीमुळे सूट मिळत होती तरी त्यांनी निषेध म्हणून राजीनामा दिला. शंभर-दीडशे वर्षांत उभं राहिलेलं एवढं मोठं केंद्र एका उन्हाळ्यात रिकामं झालं, त्यानंतर ते पूर्वीसारखं कधीच झालं नाही. हे कळल्याशिवाय हे गाव कळत नाही असं मला मनापासून वाटतं.

बघण्यासारखं म्हणशील तर पहिल्यांदा श्टाटफ्रीडहोफ म्हणजे गावच्या स्मशानभूमीत जा, ऐकायला विचित्र वाटेल पण खरंच जा. प्लांक, बॉर्न, ओटो हान, लाउए, हिल्बर्ट सगळे तिथं आहेत, बॉर्नच्या दगडावर क्वांटम मेकॅनिक्सचं pq−qp चं समीकरण कोरलंय, हिल्बर्टच्या दगडावर 'आपल्याला कळलंच पाहिजे, आणि आपल्याला कळेलच' हे त्याचं वाक्य. आत तळं आहे, झाडी आहे, मी परीक्षेच्या आधी तिथं जाऊन बसायचे.

बाजारचौकात जुन्या टाउनहॉलसमोर गेन्झेलीझल, हंस घेतलेल्या मुलीचा पुतळा, 1901 चा. पीएचडी झाली की मित्रमंडळी सजवलेल्या हातगाडीत बसवून आणतात आणि वर चढून तिला फुलं द्यायची, मुका घ्यायचा. 1926 मध्ये यावर बंदी घातली होती, कुणी ऐकलं नाही. जुन्या गावाभोवती मातीचा तट आहे, त्यावरून झाडांखालून पूर्ण चक्कर मारता येते, वाटेत बिस्मार्क विद्यार्थी असताना राहायचा ते छोटंसं घर लागतं. विद्यापीठाच्या आउलामध्ये, म्हणजे समारंभाच्या जुन्या इमारतीत, विद्यार्थ्यांसाठीचा जुना तुरुंग आहे, भिंतींवर पोरांनी काढलेली चित्रं अजून आहेत. आणि घराघरांवर पाट्या, कोण कुठल्या साली इथं राहत होतं त्याच्या, चालता चालता वाचत बसते मी अजूनही.

कंटाळ्याचं खरं सांगते. रविवारी दुकानं बंद, डिसेंबरात साडेचारला अंधार, इंडियन किराणा मिळतो पण बर्लिनसारखी चॉइस नाही, आणि इंग्लिशवर चालणारे पार्टटाइम जॉब कमी, त्यामुळे जर्मन निघायच्या आधीच सुरू कर, बी-वन म्हणजे मधल्या लेव्हलपर्यंत तरी कर. पण सगळं सायकलवर होतं, आठवडाभरात वर्गातले चेहरे बाजारात भेटायला लागतात, आणि स्टेशन जुन्या गावाला लागूनच, आयसीईने, म्हणजे इथल्या फास्ट ट्रेनने, हानोव्हर अर्ध्या-पाऊण तासात, बर्लिन अडीच तासांच्या आसपास. म्हणजे बर्लिन वीकेंडला आहेच.

फिजिक्सचा कँपस उत्तरेला चढावर आहे, बस जाते. होस्टेलसाठी श्टुडीरेंडनव्हेर्ककडे (विद्यार्थ्यांची होस्टेलं, मेस चालवणारी संस्था) अ‍ॅडमिशन लेटर हातात आल्या आल्या अर्ज टाक, ऑक्टोबरात रूम शोधणं फार त्रासाचं. प्रायव्हेट रूमचे पैसे रूम बघितल्याशिवाय कुणालाही पाठवू नकोस, कितीही गोड मेल आला तरी. आणि येताना कुकर आण, छोटा, तीन लिटरवाला पुरतो.